केस इंटरव्ह्यूची तयारी: शंभर केसेस नकोत, पंधरा पुरेत

कन्सल्टिंग कंपन्या म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना धंद्याचा सल्ला देणाऱ्या. इंटरव्ह्यूत त्या एखाद्या धंद्याची अडचण पुढे ठेवतात आणि ती समोर बसून, बोलत बोलत सोडवायला लावतात. ती केस. त्याबद्दल आलेला प्रश्न थोडक्यात असा: "ताई, पुण्यातून इंजिनिअरिंग केलं, दोन वर्षं नोकरी, आता एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे. कन्सल्टिंगच्या दोन कंपन्यांच्या शॉर्टलिस्टमध्ये नाव आलंय, हातात पाच आठवडे आहेत. फ्रेमवर्क, म्हणजे विचाराच्या तयार चौकटी, सगळे पाठ आहेत, केसबुकातल्या चाळीसेक केसेस वाचून काढल्या. तरी मॉकमध्ये, म्हणजे सरावाच्या इंटरव्ह्यूत, दहाव्या मिनिटाला माझा गोंधळ उडतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे इंग्रजीत बोलताना विचार तुटतो. गणित येतं, पण समोर कोणी बसलं की शून्यं चुकतात. सीनियर म्हणतात शंभर केसेस करायलाच हव्यात. खरं का?"

नाही. आणि ज्या चाळीस केसेस तू 'वाचून काढल्या' म्हणतोस त्या मी शून्य धरते. पोहण्याचं पुस्तक वाचून विहिरीत उडी मारल्यासारखं आहे ते.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे सल्ला कुठून येतोय ते कळेल. मी अकरा वर्षं कन्सल्टिंगमध्ये काढली, त्यातली सात वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून कॅम्पसवर आणि मुंबईच्या ऑफिसात इंटरव्ह्यू घेतले. त्याआधी एका कंपनीने मला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं होतं. केस होती एका हॉस्पिटलची: खाटा रिकाम्या का राहतात? मी चार मिनिटं पोर्टरचे पाच घटक घडाघडा म्हणून दाखवले. समोरच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू हॉस्पिटलमध्ये शेवटची कधी गेली होतीस?" महिनाभरापूर्वीच आजीला डिस्चार्ज मिळायला सकाळपासून संध्याकाळ झाली होती, विम्याच्या मंजुरीसाठी आम्ही काउंटरवर ताटकळत बसलो होतो, आणि तेवढा वेळ ती खाट अडकून पडली होती. म्हणजे खाटा कशा फिरतात याची निम्मी केस माझ्याच घरात घडलेली होती. त्यातलं एक अक्षर माझ्या तोंडून निघालं नाही, कारण ते पाठ केलेल्या चौकटीत नव्हतं.

मायकेल पोर्टर यांनी ते पाच घटक १९७९ मध्ये मांडले ते एखादा उद्योग मुळात किती फायद्याचा असू शकतो हे समजावं म्हणून. चालू हॉस्पिटलात खाटा का रिकाम्या आहेत, या प्रश्नाला ते लागूच नाहीत. बीसीजी या कन्सल्टिंग कंपनीची १९७० सालची ती गाय-तारा-कुत्रा चौकट घे. अनेक धंदे असलेल्या कंपनीने पैसा कुठे घालावा यासाठी ती होती. हत्यारं चांगलीच आहेत, पण पाना हातात आहे म्हणून खिळा पान्याने ठोकायचा नसतो. फ्रेमवर्क एकदा वाच, त्यातून कुठल्या बाजू बघायच्या ते समजून घे आणि पुस्तक बंद कर. इंटरव्ह्यूत "मी अमुक फ्रेमवर्क वापरेन" हे वाक्य उच्चारलंस की समोरचा मनातल्या मनात एक गुण कापतो. मी तरी कापायचे.

समोरचा नेमकं काय बघत असतो? मी फॉर्म भरताना त्यात रकाने असायचे: मांडणी, आकडेमोड, धंद्याची जाण, बोलणं. पण पेन उचलण्याआधी डोक्यात एकच प्रश्न असायचा. पुढच्या सोमवारी ह्याला क्लायंटच्या कारखान्यात एकटं पाठवलं, तर तिथल्या पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या मॅनेजरशी हा नीट बोलेल का, आणि संध्याकाळी मला फोन करून कामाचं काही सांगेल का? उत्तर बरोबर येणं यात फार मागे येतं. उत्तर चुकलेल्या मुलांना मी पुढे पाठवलंय आणि बरोबर आलेल्यांना थांबवलंय. ज्याचा विचार मला ऐकू येतो, त्याला मी मदत करू शकते. जो गप्प बसून सात मिनिटांनी एकदम आकडा फेकतो, तो बरोबर असला तरी कसा बरोबर आला हे मला कळत नाही.

आता एक केस जवळून बघू. ही मी स्वतः रचलेली आणि पुष्कळदा वापरलेली. आता इंटरव्ह्यू घेत नाही, त्यामुळे फोडायला हरकत नाही. आकडे सोयीसाठी गोल केलेत.

"पश्चिम महाराष्ट्रातली एक खासगी डेअरी. दोन वर्षांत विक्री २० टक्क्यांनी वाढली, पण वर्षाचा नफा २५ कोटींवरून १८ कोटींवर आला. मालक विचारतोय, काय चाललंय आणि काय करू?"

दहातले आठ जण इथे कागदावर लिहितात: नफा बरोबर उत्पन्न वजा खर्च. उत्पन्नाच्या खाली किंमत आणि नग, खर्चाच्या खाली स्थिर आणि बदलता. चूक काहीच नाही. मग एकेक फांदी धरून विचारत सुटतात. किंमत बदलली का? खरेदीदराच्या प्रमाणात बदलली. दुधाचा खरेदीदर वाढला का? थोडा वाढला, पण तो ग्राहकाकडून वसूल झाला. वाहतूक? तीच. पगार? तेच. वीज, पॅकिंग, जाहिरात? बारा मिनिटं जातात, सगळीकडून 'तेच' ऐकू येतं आणि चेहरा उतरत जातो. तुझा दहाव्या मिनिटाला होणारा गोंधळ हाच असणार, असा माझा अंदाज. झाड काढलं, पण कुठली फांदी आधी हलवायची आणि का, याचा विचारच नाही.

एका मुलीने काय केलं ते सांगते. तिने पहिला प्रश्न विचारला, "विक्री २० टक्के वाढली ती लिटरमध्ये की रुपयांत?" लिटरमध्ये, मी म्हटलं, १० कोटी लिटरवरून १२ कोटी लिटरवर. तिने कागदावर भागाकार केला आणि मोठ्याने म्हणाली, "म्हणजे आधी लिटरमागे अडीच रुपये सुटत होते, आता दीड. लिटरमागे एक रुपया गेलाय. हे दोनच प्रकारे होऊ शकतं. एक तर सगळ्याच मालात कमी सुटायला लागलंय, नाहीतर प्रत्येक मालात सुटतं तेवढंच आहे, पण कमी नफ्याच्या मालाचं प्रमाण वाढलंय. डेअरी म्हणजे नुसतं पिशवीचं दूध नसणार, दही-पनीर-श्रीखंडही असेल. दोन्हींची आकडेवारी वेगवेगळी मिळेल का?"

तीन मिनिटंही झाली नव्हती. मी तक्ता पुढे सरकवला. पिशवीच्या दुधात लिटरमागे १ रुपया, दही-पनीर वगैरेत लागणाऱ्या दुधाच्या लिटरमागे ६ रुपये, दोन्ही वर्षी तेच. पहिल्या वर्षी ७ कोटी लिटर पिशवीत आणि ३ कोटी लिटर पदार्थांत गेलं: ७ अधिक १८, झाले २५ कोटी. आता १० कोटी ८० लाख लिटर पिशवीत आणि फक्त १ कोटी २० लाख पदार्थांत: १०.८ अधिक ७.२, झाले १८. आकडेमोड सातवीतली आहे. केसची किल्ली होती ती 'दोनच प्रकारे होऊ शकतं' या वाक्यात.

याला कन्सल्टिंगच्या भाषेत मीसी (MECE) म्हणतात: विभागणी अशी करा की एक गोष्ट दोन ठिकाणी येऊ नये आणि एकही बाहेर राहू नये. ही शिस्त मांडली बार्बरा मिंटो यांनी. १९६३ मध्ये मॅकिन्झी या कन्सल्टिंग कंपनीने घेतलेल्या त्या पहिल्या एमबीए बाई. आपल्याकडे मिसळणाचा डबा प्रत्येक घरात असतो. जिरं दोन वाट्यांत नसतं, आणि हळद ओट्यावर उघडी पडलेली नसते. पण मीसी म्हणजे दहा फांद्यांचं झाड, असा भलताच समज पसरलाय. त्या मुलीची विभागणी दोन वाट्यांची होती आणि तेवढी पुरली.

तिचं खरं कौतुक मला पुढे वाटलं. आकडा सापडल्यावर बहुतेक जण हुश्श करतात आणि "मालाचं प्रमाण बदललं हे कारण" म्हणून थांबतात. माझी आई कुठलीही बातमी ऐकली की म्हणते, "बरं, मग?" इंटरव्ह्यूत प्रत्येक आकड्यानंतर तुझ्या कानात ते 'बरं, मग?' वाजलं पाहिजे. ही मुलगी म्हणाली, "पदार्थांचं नुसतं प्रमाण घटलेलं नाही, लिटरसुद्धा ३ कोटींवरून १.२ वर आलेत. म्हणजे कोणीतरी ते विकणं कमी केलंय. लोकांनी दही खाणं सोडलंय, की माल दुकानात पोचत नाही, की विकणाऱ्याला त्यात रस उरला नाही?" मी सांगितलं, की कंपनी मुंबई-ठाण्यात नव्याने उतरली, आणि तेव्हापासून विक्रेत्यांचं कमिशन लिटरवर ठरतं. ती हसली. "मग मी विक्रेता असते तर मीही पिशव्याच खपवल्या असत्या. दह्याला दुकानात फ्रिज लागतो, परत आलेला माल उचलावा लागतो, आणि कमिशन तेवढंच." हे कुठल्या केसबुकात नसतं. तिच्या काकांचं किराणा दुकान होतं, हे तिने नंतर सांगितलं.

शेवट तिने असा केला, आणि हा साचा मात्र तू उचल: "मालकांना मी सांगेन, कमिशन लिटरऐवजी लिटरमागे सुटणाऱ्या पैशावर ठेवा आणि पदार्थ पुन्हा ३ कोटी लिटरवर न्या. एकूण दूध १२ कोटी लिटरच राहिलं तर नफा ९ अधिक १८, म्हणजे २७ कोटी होईल, पूर्वीपेक्षाही जास्त. धोका एकच दिसतो: मुंबईत नुकतेच मिळालेले पिशवीचे ग्राहक तुटू शकतात. म्हणून आधी एका विभागात तीन महिने करून बघू." निर्णय आधी, आकडा लगेच, धोका एक, पुढचं पाऊल एक. अर्ध्या मिनिटात. बहुतेक मुलं उलट करतात: आपण काय काय तपासलं त्याची यात्रा सांगतात आणि निर्णय राहूनच जातो.

आता तुझ्या पाच आठवड्यांकडे. पंधरा केसेस घे, अठरा फार तर. प्रत्येक केस तीनदा कर. पहिल्यांदा जोडीदारासमोर, पूर्ण, घड्याळ लावून. दोन दिवसांनी तीच केस, पण फक्त सुरुवातीची मांडणी नव्याने. पहिल्यासारखीच आली तर फाडून टाक आणि दुसऱ्या कापाने काप. तिसऱ्यांदा तू इंटरव्ह्यू घे, वेगळ्या मुलाचा, त्याच केसवर. सगळ्यात जास्त शिकणं या तिसऱ्या वेळी होतं. समोरचा तुझ्याच चुका करताना दिसतो, आणि तो गप्प बसला की पलीकडच्याला किती अस्वस्थ वाटतं हे तुला पहिल्यांदा कळतं. शंभर केसेस करणाऱ्या मुलांचा एक त्रास असा की केस सुरू होताच ती आठवायला लागतात, "ही तर सिमेंटवाली". आणि मग समोरचा काय सांगतोय ते ऐकू येत नाही.

जोडीदार एकच ठेवू नकोस. दोघं मित्र एकमेकांच्या मॉक घेत राहिले की दोघांच्याही चुका हळूहळू दोघांना बरोबर वाटायला लागतात. आठवड्यातून एक मॉक तरी इंटर्नशिप करून आलेल्या सीनियरकडून घे. शॉर्टलिस्ट लागल्यावर कंपन्या 'बडी' देतात, म्हणजे तयारीला मदत करणारा त्यांचाच माणूस; त्यांच्याशी होणाऱ्या केसेस सरावाच्या म्हणून सांगितल्या जातात, आणि त्या असतातही. तरी तू तिथे कसा वागलास हे आत कळणार, असं धरूनच चाल. बडीने दाखवलेली तीच चूक पुढच्या भेटीत पुन्हा केलीस तर ती फार महाग पडते. आणि मोबाइलवर स्वतःचं रेकॉर्डिंग ऐक. दोन मिनिटं ऐकवणार नाही, पण 'बेसिकली' किती वेळा येतं ते मोज.

इंग्रजीचं. तुझा विचार इंग्रजीमुळे तुटत नाही, असं मला वाटतं. विचार आधीच अर्धा असतो आणि इंग्रजी त्याच्यावर पांघरूण घालायला कमी पडतं. खात्री करून घ्यायची असेल तर पहिल्या चार केसेस सरळ मराठीत कर. मराठीतही मध्येच अडलास, तर रोग भाषेचा नाही. मराठीत धडधडीत आली आणि इंग्रजीत अडली, तर औषध सोपं आहे: छोटी वाक्यं. एका वाक्यात एक गोष्ट. उच्चारांची काळजी सोड; आमच्या ऑफिसात तेलुगू, बंगाली, भोजपुरी वळणाची इंग्रजी चालायची आणि माझी कोल्हापुरी वळणाची होती. अडचण उच्चारांची नसते, घाईची असते. केस ऐकल्यावर "मला एक मिनिट द्या, मी मांडणी करतो" असं म्हणायला कोणी मनाई केलेली नाही. उलट ते मिनिट न घेणारा मला उथळ वाटायचा. फक्त एक मिनिट म्हणजे एकच. तीन मिनिटं कागदात डोकं घालून बसू नकोस.

शून्यांचं मात्र मनावर घे, कारण तिथे दया नसते. भारतातल्या केसमध्ये आकडे लाख-कोटीत आले तर लाख-कोटीतच शेवटपर्यंत राहा. अर्ध्यात मिलियन केलं की घात झालाच. तीन गोष्टी पाठ असू देत: लाख गुणिले शंभर म्हणजे कोटी, हजार गुणिले लाख म्हणजे दहा कोटी, लाख गुणिले लाख म्हणजे हजार कोटी. दुसरीकडे दहा लाख म्हणजे मिलियन आणि शंभर कोटी म्हणजे बिलियन. एवढं असलं की शून्यं मोजावी लागत नाहीत.

टक्क्यांसाठी मी एक जुनी युक्ती वापरायचे, आणि ती कॉलेजात कोणी शिकवली नव्हती. आजोबांची. त्यांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ असायची, आणि हिशोब आण्यांत चालायचा. रुपयाचे सोळा आणे, म्हणून एक आणा म्हणजे सव्वासहा टक्के. साडेबारा टक्के म्हणजे दोन आणे, साडेसदतीस म्हणजे सहा आणे, पंचाहत्तर म्हणजे बारा आणे. ६४० कोटींचे ३७.५ टक्के किती? एक आणा म्हणजे ४० कोटी, सहा आणे म्हणजे २४०. कागद लागत नाही. समोरचे तीन सेकंद तुझ्याकडे बघत राहतात आणि तेवढ्यात तुझा श्वास जागेवर येतो. वाढीच्या दरासाठी बहात्तरचा नियम सगळ्यांना माहीत असतो: दर ८ टक्के असेल तर दुप्पट व्हायला साधारण ९ वर्षं. रोज सकाळी वीस मिनिटं हातानं भागाकार-गुणाकार कर, आणि करताना मोठ्याने बोल. न बोलता केलेल्या गणिताचा सराव इथे निम्माच उपयोगी पडतो.

अंदाजाचे प्रश्न, म्हणजे गेसटिमेट, यांना मुलं फार घाबरतात किंवा फार हलक्यात घेतात. मी दसऱ्याच्या आसपास कॅम्पसवर असले की विचारायचे: मुंबईत दसऱ्याला झेंडू किती खपतो? बहुतेक जण घरांवरून जातात आणि ते ठीकच आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. गोल करून चार माणसांचं घर धरलं तर ३० लाख घरं. त्यातल्या ६० टक्के घरांत तोरण आणि पूजा, घरटी अर्धा किलो: १८ लाख घरं, ९ लाख किलो, म्हणजे ९०० टन. इथे थांबलेल्याला मी फक्त "अजून काही?" विचारायचे. आता लक्षात घे, हा "अजून काही?" म्हणजे सापळा नव्हे. दोर टाकलाय, धर. पण मुलं घाबरून "नाही मॅडम" म्हणतात किंवा ६० चे ६५ टक्के करतात. ज्याने दसऱ्याला डोळे उघडे ठेवून दादरच्या फुलबाजारातून चक्कर मारलीय त्याला आठवतं, की खंडेनवमीला यंत्रं-हत्यारं पुजतात, दुकानं, कारखाने, ऑफिसं सजतात, रिक्षा-टॅक्सी-मोटारसायकलींना माळा घालतात. दुकानं-ऑफिसं ३ लाख धरून प्रत्येकी एक किलो, ३०० टन. गाड्या २० लाख, त्यातल्या निम्म्यांना पाव किलोची माळ, २५० टन. बेरीज १,४५० टन.

माझ्या लक्षात राहिलेला मुलगा जुन्नरकडचा होता, त्याच्या घरी झेंडू लावत. त्याने बेरीज केल्यावर स्वतःहून विचारलं, "एवढा माल मुंबईत येईल कसा?" पाच टनांची गाडी धरली तर २९० गाड्या, दोन-तीन दिवसांत विभागून, आणि मुंबईत फुलं उतरण्याची ठिकाणं एकाहून जास्त. म्हणाला, "होऊ शकतं. हे दहा हजार गाड्या आलं असतं तर मी कुठेतरी चुकलोय असं म्हटलं असतं." आकडा बरोबर होता का, मला माहीत नव्हतं आणि कोणाला असणार? स्वतःच्या आकड्याकडे परक्याच्या नजरेने बघणं मला हवं होतं.

कंपनीप्रमाणे फरक पडतो, तो थोडक्यात. मॅकिन्झीत बहुतेक वेळा इंटरव्ह्यू घेणारा केस चालवतो: मांडणी विचारतो, मग तक्ता देतो, मग आकडेमोड. प्रत्येक तुकडा नीट करायचा आणि पुढचा त्याच्याकडून घ्यायचा. बीसीजी आणि बेनमध्ये लगाम बहुतेक तुझ्या हातात असतो. कुठे जायचं ते तूच ठरवतोस, म्हणून तिथे 'ही फांदी आधी का' हे सांगत राहणं जास्त गरजेचं. मॅकिन्झीचा 'सॉल्व्ह' नावाचा संगणकावरचा खेळही काही उमेदवारांना खेळावा लागतो. त्यासाठी पैसे भरून क्लास लावू नकोस. कोडी वगैरे आता फारसं कोणी विचारत नाही.

तक्ता पुढे आला की पहिले दहा सेकंद फक्त वाच: आडव्या रेघेवर काय, उभ्या रेघेवर काय, एकक काय, वर्ष कुठलं. ते मोठ्याने म्हण. मी टक्क्यांचे तक्ते मुद्दाम द्यायचे, ज्यात एकूण आकडा वेगळ्या कोपऱ्यात लिहिलेला असायचा. निम्मे जण टक्क्यांनाच कोटी समजून पुढे जायचे.

आता अशी गोष्ट, जिच्यात मराठी मुलं हमखास मार खातात, आणि तुझ्या पत्रात तिचा उल्लेखही नाही. स्वतःच्या अनुभवावरचे प्रश्न. मॅकिन्झीत तर एकाच प्रसंगावर दहा-पंधरा मिनिटं खोदतात. आपल्याकडे 'मी केलं' म्हणणं घरात उद्धटपणा समजला जातो, म्हणून आपली मुलं सांगतात, "आम्ही फेस्टिव्हल केला, आम्ही स्पॉन्सर आणले, आमच्यात वाद झाला आणि मग तो मिटला." मिटला कसा? आपोआप? मी विचारायचे, "तू त्या खोलीत काय बोललास? नेमके शब्द?" आणि मग शांतता. तेव्हा तीन प्रसंग निवड: एकदा कोणाचं मन वळवलंस, एकदा माणसं सांभाळलीस, एकदा अवघड काम तडीस नेलंस. प्रत्येकात समोरचा माणूस कोण, तो का अडला होता, तू काय म्हणालास, तो काय म्हणाला, हे आठवून लिहून काढ. प्रसंग मोठा नसला तरी चालतो. एकाने मला गणेशोत्सवात मंडळाच्या अध्यक्षांना डीजे रद्द करायला कसं तयार केलं ते सांगितलं. अध्यक्षांची अडचण आवाजाची नव्हतीच. आगाऊ दिलेल्या पैशांची होती. ती यानं शोधून काढली आणि डीजेवाल्याकडून ते पैसे पुढच्या वर्षीच्या मांडवाच्या लायटिंगमध्ये वळवून घेतले. परदेशी इंटर्नशिपच्या दहा गोष्टींपेक्षा ती मला जास्त पटली.

आणि सीव्हीवरचा प्रत्येक आकडा. 'खर्चात १८ टक्के बचत' लिहिलं असेल तर कशाच्या १८ टक्के, आधी किती होता, तुझा वाटा किती. इथे अडखळलेल्या मुलाची केस मी नंतर कितीही चांगली झाली तरी संशयानेच ऐकायचे.

शेवटच्या दोन दिवसांत नवीन केस करू नकोस. जुन्या पंधरांपैकी तीन-चारच्या फक्त सुरुवाती बोलून बघ, आणि झोप. इंटरव्ह्यूच्या दिवशी एकामागून एक खोल्या असतात, कधी चार, कधी जास्त. पहिली खोली वाईट गेली म्हणून दुसरी वाईट घालवणारे मी खूप पाहिलेत. दुसऱ्या खोलीतल्याला पहिल्या खोलीत काय झालं ते बहुतेक वेळा ठाऊक नसतं, तुझा चेहरा त्याला सांगतो. मधल्या वेळात मित्रांना विचारत बसू नकोस की तुला कुठली केस आली.

पहिल्या आठवड्यासाठी काम देते. वरच्या डेअरीच्या केसमध्ये मी हंगाम धरलेलाच नाही. पुष्टकाळात दूध ओसंडून येतं, कृशकाळात आवक आटते, आणि पिशवीची मागणी मात्र वर्षभर जवळजवळ सारखी असते. पुष्टकाळातलं जास्तीचं दूध पिशवीत खपत नसेल तर ते कुठे जातं, पावडर-लोण्यात गेलं तर लिटरमागे काय सुटेल, आणि मग त्या मुलीची २७ कोटींची शिफारस टिकते का? आकडे तुझे तू धर, पण का धरले ते लिही. आधी मराठीत बोलून रेकॉर्ड कर, मग इंग्रजीत. दोन्ही रेकॉर्डिंग पाठव, रविवारी ऐकते.